पायलट जमिनीवर, विमान आकाशात : रिमोटची विमाने का पडतात?

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला वळून भोरकडे निघाले की शहराच्या अलीकडे भाटघर धरण लागते. वेळवंडी नदीवरचे हे धरण 1927-28 च्या सुमारास पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे माजी गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या नावावरून त्याला 'लॉइड धरण' म्हणत. आज जलाशयाचे नाव येसाजी कंक यांच्या नावाने आहे. साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. उन्हाळ्यात हे पाणी नीरेच्या कालव्यांना सुटते आणि जलाशय आटू लागतो. एरवी पाण्याखाली असलेले कांबरेश्वर मंदिर उघडे पडते आणि काठाने मोकळी जमीन दिसू लागते.

रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवणाऱ्याला अशी जागा पाहताक्षणी आवडते. गर्दी नाही, इमारती नाहीत, वर भरपूर आकाश. पण नवख्याचे विमान पहिल्या पाच मिनिटांत पाडण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टीही इथे आहेत : वारा, डोंगर, पाणी आणि ऊन.

विमान पडले की बहुतेक जण म्हणतात, "सिग्नल गेला." कधी कधी ते खरेही असते. पण बहुतेक अपघातांचे कारण साधे असते. या खेळात पायलट विमानात बसलेला नसतो, तो जमिनीवर उभा असतो. विमान झुकले, वेग मंदावला, वाऱ्याचा धक्का बसला, यातले काहीच त्याच्या अंगाला जाणवत नाही. या छंदातली मजा आणि यातले बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

खेळणे नव्हे, विमानच

दुकानात मिळणारा चार पंख्यांचा ड्रोन स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो. काड्या सोडल्या की तो बहुधा हवेत थांबून राहतो. साध्या मॉडेल विमानाला थांबता येत नाही. पंखांवरून हवा वाहत राहिली तरच ते वर राहते, म्हणजे त्याला सतत पुढे जावेच लागते.

पायलटच्या हातातला ट्रान्समीटर चार मुख्य गोष्टी चालवतो. थ्रॉटलने मोटरची ताकद कमी-जास्त होते. एलिव्हेटर नाक वर-खाली करतो. रडर नाक डावी-उजवीकडे वळवतो. पंखांच्या मागच्या कडेवरचे एलेरॉन विमान एका अंगावर झुकवतात. विमानातला रिसीव्हर सिग्नल पकडतो आणि काडेपेटीएवढ्या सर्वो मोटरी हे भाग हलवतात. मोठ्या विमानाचे शास्त्र आणि याचे शास्त्र एकच आहे.

हा छंद जुना आहे. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली रेडिओवर चालणारे विमान यशस्वीपणे उडवले. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ऑगस्ट 2003 मध्ये मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच किलोपेक्षा कमी वजनाचे मॉडेल विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून सोडले. जवळपास 39 तासांनी, सुमारे 3,000 किलोमीटर अंतर कापून ते आयर्लंडमध्ये उतरले. समुद्रावरचा प्रवास त्याने स्वयंचलित यंत्रणेच्या आधारे केला. उड्डाण आणि उतरणे मात्र माणसाच्या हातांनी झाले. त्याआधी सोडलेली विमाने समुद्रात हरवली होती. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती.

भारतात अनेकांची या विमानांशी पहिली ओळख एनसीसीच्या हवाई शाखेत होते. तिथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही स्पर्धांसाठी अशी विमाने बनवतात.

पहिला घोटाळा : डावे-उजवे उलटते

विमान तुमच्यापासून दूर जात असेल तर त्याचे उजवे ते तुमचे उजवे. वळून तुमच्याकडे येऊ लागले की ते उलटते. काडी उजवीकडे दाबली की विमान तुमच्या डावीकडे झुकते. घाबरलेला नवखा काडी आणखी जोरात दाबतो, विमान आणखी झुकते आणि जमिनीत घुसते.

यावर शिकवणारे एक सोपी युक्ती सांगतात. विमान समोरून येत असेल तर त्याचा जो पंख खाली गेलेला दिसतो, त्या बाजूला काडी न्यायची. जणू पडणाऱ्या पंखाला खालून टेकू द्यायचा. असे केले की डावे-उजवे आठवत बसावे लागत नाही.

अंतरामुळे अडचण वाढते. एक मीटर लांब पंखांचे विमान 200 मीटरवर गेले की हात लांब करून धरलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे दिसते. ते येते आहे की जाते आहे, हेच कळत नाही. म्हणून पंखांच्या वरच्या आणि खालच्या बाजूला वेगळे, भडक रंग देतात. संध्याकाळी विमानाची नुसती काळी सावली दिसते, तेव्हा ते रंगही कामाला येत नाहीत. सूर्याच्या दिशेने विमान नेणे तर टाळायचेच.

दुसरा घोटाळा : वारा वेगाबद्दल फसवतो

समजा, एक विमान हवेत ताशी 25 किलोमीटरपेक्षा हळू झाले की पंखांचा आधार सुटतो. याला 'स्टॉल' म्हणतात. पायलट ते ताशी 35 च्या वेगाने उडवतो आहे आणि वारा ताशी 15 चा आहे.

वाऱ्याविरुद्ध जाताना हे विमान जमिनीवरून पाहणाऱ्याला ताशी 20 ने सरकताना दिसते. वाऱ्याबरोबर जाताना तेच 50 ने पळताना दिसते. हवेतला वेग दोन्ही वेळा 35 च असतो. पण नवख्याला वाटते, 'फारच जोरात चालले आहे.' तो थ्रॉटल कमी करतो. डोळ्यांना 35 चा वेग दिसू लागतो, तेव्हा हवेतला वेग 20 वर आलेला असतो. विमान एक पंख टाकून कोसळते.

वळताना धोका आणखी वाढतो. विमान 60 अंशांत झुकवून त्याच उंचीवर वळवले तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे 1.4 पट होतो. म्हणजे 25 चा 35. सरळ उडताना सुरक्षित असलेला वेग वळणात अपुरा पडतो. म्हणून वळण रुंद घ्यायचे, थ्रॉटल थोडा वाढवायचा आणि जमिनीजवळ तीव्र वळण घ्यायचेच नाही. उड्डाण आणि उतरणे दोन्ही वाऱ्याच्या तोंडावर करायचे.

तिसरा घोटाळा : डोंगराची हवा

वेळवंडीच्या खोऱ्याला दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत. वारा डोंगराच्या उतारावर आदळतो तेव्हा वर चढतो. त्या चढत्या हवेत बिनमोटरचे ग्लायडर तासन्‌तास तरंगू शकते. पण डोंगर ओलांडून तीच हवा पलीकडे खाली कोसळते आणि भोवऱ्यासारखी फिरते. डोंगराच्या आडोशाला वारा शांत वाटतो, म्हणून नवखा तिथेच उभा राहतो. विमान थोडे वर गेले की या भोवऱ्यात सापडते.

उन्हाळी दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे फुगवटे वर उठतात. ते दिसत नाहीत, पण घारी ते दाखवतात. पंख न हलवता गोल फिरत चढणारी घार दिसली की तिथे हवा वर चढते आहे, हे ग्लायडरवाले ओळखतात. घार मात्र कधी कधी विमानालाच प्रतिस्पर्धी समजून झडप घालते. अशा वेळी आपणच दूर जावे.

शिकणाऱ्यासाठी सकाळची वेळ उत्तम. जमीन तापलेली नसते आणि वाराही बहुधा मंद असतो.

चौथा घोटाळा : पाणी

पाण्यावर झाडे नाहीत, खांब नाहीत, त्यामुळे तिथे उडवणे सोपे वाटते. पण उंचीचा अंदाज आपण झाडांवरून आणि घरांवरूनच घेत असतो. सपाट पाण्यावर तो आधार जातो. विमान दहा मीटरवर आहे की दोन, हे पाण्याला टेकेपर्यंत कळत नाही.

आणि इथे प्रश्न विमानापुरता राहत नाही. फोमचे विमान तरंगते, काठापासून तीस-चाळीस मीटरवर दिसत राहते आणि उडवणाऱ्याला वाटते, पटकन जाऊन आणू. आटलेल्या जलाशयाच्या काठाला वरून कोरडा आणि खाली मऊ असा गाळ असतो. पुढे तळ एकदम खोल जातो. मे 2022 मध्ये भाटघरच्या पाण्यात पाच महिला बुडाल्या. विमान कितीही महाग असो, त्याच्यामागे पाण्यात उतरायचे नाही. वाऱ्याने ते काठाला लागेपर्यंत थांबावे किंवा स्थानिक होडीवाल्याची मदत घ्यावी. ते गेले तर गेले.

जमिनीवरच ठरलेले अपघात

काही विमाने उडण्याआधीच पडलेली असतात. तोल हे पहिले कारण. बहुतेक साध्या विमानांचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागात असावा लागतो. या छंदातल्या लोकांत एक म्हण आहे : नाक जड असलेले विमान वाईट उडते, शेपूट जड असलेले एकदाच उडते. दोन बोटांवर पंख तोलून पाहायला अर्धे मिनिट पुरते.

दुसरे कारण उलटे जोडलेले एलेरॉन. काडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर जायला हवा. दुरुस्तीनंतर हे पाहायचे राहून जाते आणि उड्डाणानंतर दोन सेकंदांत खेळ संपतो.

तिसरे कारण बॅटरी. 2,200 एमएएचची बॅटरी सरासरी 15 अँपिअर खर्चत असेल तर ती पावणेनऊ मिनिटांत रिकामी होते. 80 टक्केच वापरायची म्हटली तर सात मिनिटे. म्हणून ट्रान्समीटरवर सात मिनिटांचा गजर लावतात. बॅटरी उतरली की बहुतेक विमानांत आधी मोटर बंद होते आणि सर्वोंसाठी थोडी वीज राखली जाते. तेवढ्यात उतरायचे असते.

या लिपो बॅटऱ्यांना मार लागला तर त्या लगेच नाही, पण काही वेळाने पेट घेऊ शकतात. मे महिन्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर गवत वाळून कोळ झालेले असते. पडलेल्या विमानातली फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी उघड्या मातीवर बाजूला ठेवून किमान अर्धा तास लक्ष ठेवावे. ती पिशवीत किंवा गाडीत टाकू नये.

आणि सिग्नल? जुन्या संचांत दोघांनी एकच चॅनेल लावला तर एकाचे विमान हमखास पडायचे. आजचे 2.4 गिगाहर्ट्झचे संच आपापला मार्ग शोधतात, त्यामुळे तो त्रास जवळपास संपला. मात्र या लहरींना डोंगर आणि झाडे अडवतात. विमान टेकाडामागे गेले तर सिग्नल खरोखर जाऊ शकतो.

नियम काय सांगतात?

ड्रोन नियम 2021 मॉडेल विमानांनाही लागू आहेत. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या, 25 किलोपर्यंतच्या विमानाला त्यात 'मॉडेल' म्हटले आहे. अशा विमानाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोपर्यंतचे विमान हौसेसाठी उडवायला पायलटचा परवानाही लागत नाही.

आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केले आहेत. हिरव्या भागात साधारणपणे 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत उडवता येते. पिवळ्या आणि लाल भागांत परवानगी लागते. हे भाग बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहावा आणि नोंदणीचे नियमही तपासावेत. नकाशात जागा हिरवी असली तरी धरणाची भिंत, वीजगृह आणि वस्ती यांपासून दूर राहावे. शेत असेल तर मालकाला आधी विचारावे. भाताचे रान कापणीनंतर रिकामे दिसले तरी त्यात कुणाचे कडधान्य उगवत असू शकते.

तरीही लोक परत का येतात?

कारण चूक समजते आणि दुरुस्त होते. फोमचे विमान मोडले तर गोंद, चिकटपट्टी आणि बांबूची काडी घेऊन संध्याकाळी पुन्हा उभे करता येते. बाल्साचे असेल तर महिनाभर जातो. पण प्रत्येक दुरुस्तीत विमानाचा एकेक भाग का तसा आहे, हे हाताला कळते.

शिकायची स्वस्त रीतही आहे. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर दहा-पंधरा तास घालवायचे. तिथे विमान शंभरदा पडले तरी खर्च शून्य. मग पंख वर बसवलेले, दोन्ही टोके किंचित उचललेले फोमचे ट्रेनर घ्यायचे. ते झुकले तरी बरेचसे आपोआप सरळ होते. पहिली उड्डाणे जाणत्या माणसासोबत, शक्य असेल तर दोन ट्रान्समीटर जोडून करायची. चुकले की शिकवणारा एका बटणावर ताबा घेतो.

आणि मग एखाद्या सकाळी विमान समोरून येत असते, वारा थोडा आडवा असतो आणि बोटे विचार न करता बरोबर बाजूला जातात. विमान वाऱ्याच्या तोंडावर येते, हळू होते आणि गवतावर टेकते. अंगाला काहीच जाणवत नसताना केवळ डोळ्यांवरून हवेचा अंदाज घेता येऊ लागला, याचा तो पुरावा असतो. त्यानंतर बॅटरी काढायची, पंखा आणि एलेरॉन तपासायचे आणि ऊन चढायच्या आत दुसरे उड्डाण करून घ्यायचे.