आडातलं पोहऱ्यात

चीनच्या लिआओनिंग प्रांतात जिंझोऊ शहराजवळ फेरोक्रोमियम बनवणारा कारखाना होता. त्याच्या कचऱ्यातलं क्रोमियम जमिनीत मुरत गेलं आणि १९६५च्या सुमारास शेजारच्या खेड्यांतल्या विहिरींचं पाणी पिवळं पडलं. पुढं झांग जिआनडाँग या डॉक्टरांनी तिथल्या मृत्यूंची मोजदाद केली. या गावांत पोटाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू अधिक आहेत, असं त्यांच्या १९८७च्या निबंधात नोंदलं होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅसिफिक महासागरापलीकडं, कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या हिंक्ली या वस्तीची गोष्ट उघड झाली. तिथं पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीचं कंप्रेसर स्टेशन होतं. वायू दाबला की तापतो, तो गार करायला मनोरे लागतात आणि मनोऱ्यांना गंज चढू नये म्हणून पाण्यात क्रोमियम घालत. १९५२पासून दहा-बारा वर्षं हे वापरलेलं पाणी तळाला अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडून दिलं गेलं. वाळवंटातली रेताड जमीन. पाणी खाली गेलं आणि लोकांच्या विहिरींकडं सरकू लागलं. भूजलात क्रोमियमचं प्रमाण लिटरमागं ५८० मायक्रोग्रॅम असल्याचं कंपनीनं राज्याच्या जलमंडळाला कळवलं. राज्याची मर्यादा तेव्हा ५० होती.

क्रोमियमची दोन रूपं आहेत. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला चिकटून राहतं आणि तुलनेनं निरुपद्रवी असतं. षट्संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात सहज विरघळतं, भूजलाबरोबर मैलोन्‌मैल जातं आणि पेशीत शिरल्यावर तिच्या डीएनएला इजा करतं. जिंझोऊसारखं बेसुमार झालं तर पाण्याला रंग तरी चढतो. मर्यादेच्या दुप्पट-चौपट असेल, तर ना रंग, ना वास, ना चव.

आणि घरची विहीर तपासायची कुणी? अमेरिकेचा पिण्याच्या पाण्याचा १९७४चा कायदा सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी आहे. खासगी विहिरीवर पिणारे चार कोटींहून अधिक लोक त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं सुमारे २,१०० खासगी विहिरी तपासून २००९ साली अहवाल दिला. दर पाचांतल्या एकीहून जास्त विहिरींत किमान एक घटक आरोग्याच्या मर्यादेपलीकडं होता. जी वस्तू सर्वांत आपली वाटते, तिचीच राखण सर्वांत कमी होते.

हिंक्लीकरांनी कंपनीवर भरलेला खटला वकिलाच्या कचेरीत काम करणाऱ्या एरिन ब्रॉकोविच यांच्यामुळं गाजला. १९९६मध्ये कंपनीनं ३३.३ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. २०००मध्ये त्यावर चित्रपटही आला. पण चित्रपट जिथं थांबतो, तिथं पाणी थांबलं नाही. भूजलातला क्रोमियमचा पट्टा पसरत राहिला, कंपनी घरं विकत घेत गेली, वस्ती विरळ झाली आणि २०१३मध्ये गावातली शाळा बंद पडली. त्याच मातीत एक दिलासाही आहे. दूषित पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना दिलं, तर मातीतले जीवाणू षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करतात. हिंक्लीत आजही सफाईसाठी ही शेतं वापरली जातात.

एक आकडा मात्र सांगायलाच हवा. १९९६ ते २००८ या काळात या भागात कर्करोगाचे २२४ रुग्ण अपेक्षित होते, नोंदले गेले १९६. त्यावरून पाणी निर्दोष ठरत नाही. वस्ती लहान, आणि गाव सोडून गेलेले या मोजणीत नाहीत.

जिंझोऊच्या निबंधाची कथा तर याहून क्लेशदायक आहे. १९९७मध्ये झांग यांच्याच नावानं अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नवा निबंध आला आणि त्यात क्रोमियमला जवळपास दोषमुक्त केलं होतं. त्यामागं पॅसिफिक गॅससाठी काम करणारे सल्लागार होते, हे वाचकांपासून दडवलं गेलं. २००६मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागं घेतला. २००८मध्ये कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली; पोटाच्या कर्करोगाचं वाढलेलं प्रमाण तिथं होतंच. विहीर नासवणं हा एक अपराध, विहिरीबद्दलचं ज्ञान नासवणं हा त्याहून मोठा. कॅलिफोर्नियानं २०१४मध्ये षट्संयुजी क्रोमियमसाठी १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, ती न्यायालयात रद्द झाली आणि २०२४मध्ये पुन्हा लागू झाली.

आपल्याकडंही हे आहेच. तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखाहून जास्त टन कचरा साठला आणि भोवतालचं भूजल दूषित झालं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागं ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं.

एमआयडीसीच्या शेजारी ज्यांची विहीर किंवा बोअर आहे, त्यांनी टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या, मीटरवर विसंबू नये. त्यावर हे विष उमटत नाही आणि पाणी उकळल्यानं ते जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि अर्जात धातूंची नावं लिहून त्यांची तपासणी मागावी: क्रोमियम, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. आणि आलेला अहवाल शेजारच्या घरातही दाखवावा.