कोण आहेस, हे न विचारताही छळ थांबवता येतो

धरणगावात १८९० साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे फुलं, झरे, पाखरं यांच्यावर कविता करायचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. आज असाच एखादा हळवा पोरगा नववीच्या वर्गात बसला, तर पदवी त्यालाही मिळेल. ती ‘बायल्या’ असेल, किंवा त्याहून घाण. बालकवींच्या खासगी आयुष्याबद्दल इथे काही सुचवायचं नाही. मुद्दा चिडवणाऱ्यांचा आहे. समोरचा पोरगा कोण आहे हे त्यांना माहीत नसतं आणि जाणून घ्यायचंही नसतं. त्यांना चाल दिसते, आवाज दिसतो, कबड्डीऐवजी रांगोळीत रमणारा हात दिसतो. तेवढं पुरतं.

म्हणूनच पहिला गैरसमज हा: ‘ज्याला चिडवतात तो तसलाच असणार.’

एखाद्याला कोणाबद्दल ओढ वाटते, तो स्वतःला पुरुष समजतो की स्त्री की आणखी काही, आणि तो चालतो-बोलतो कसा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाजूक चालीचा मुलगा पुढे बायकोमुलांत रमतो आणि वर्गातला दांडगा कबड्डीपटू समलिंगी असू शकतो. अंदाजाने दगड मारला की तो कुणालाही लागतो. यातून शाळेसाठी एक सोय निघते, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. छळ थांबवायला मूल कोण आहे हे शिक्षकाला कळायची गरजच नाही. ‘तू तसा आहेस का रे?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी चौकशी पीडिताचीच होते. विचारायचं ते छळणाऱ्याला: काय बोललास, कुठे, कोणासमोर?

मुलींकडे तर आपलं लक्षच जात नाही. केस बारीक कापणारी, शर्ट-पँट घालणारी, लग्नाचं नाव काढलं की गप्प होणारी मुलगी चिडवण्यापुरती सुटते, पण घरात अडकते. तिच्यावरचा ‘इलाज’ म्हणजे शाळा बंद आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत सोयरीक. अठरा वर्षांच्या आत तिचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हा कोणी काढत नाही.

‘पोरं एकमेकांना चिडवणारच, त्याने माणूस घट्ट होतो.’ हे वाक्य बोलणारे बहुतेक वेळा स्वतः चिडवणाऱ्यांच्या बाकावर बसलेले असतात. युनेस्कोने २०१९ साली तामिळनाडूतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. शाळेचे दिवस मागे टाकलेल्या लैंगिक अल्पसंख्याक तरुणांना त्यात अनुभव विचारले होते. माध्यमिक शाळेत मारहाण किंवा धक्काबुक्की सोसल्याचं सुमारे ६० टक्के जणांनी सांगितलं. छळामुळे शाळाच सोडलेले जवळजवळ एक तृतीयांश होते. शाळेकडे तक्रार केलेले मात्र अवघे १८ टक्के. म्हणजे मुख्याध्यापक जेव्हा ‘आमच्याकडे असला प्रकार नाही’ म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत असतात असं नाही. त्यांच्यापर्यंत कोणी आलेलंच नसतं. मधल्या सुट्टीत मुतारीकडे न जाणारा, पीटीच्या तासाला दर आठवड्याला पोट दुखणारा, एसटीत शेवटी चढणारा मुलगा हीच एक तक्रार असते.

‘हे पुण्यामुंबईचं फॅड आहे, आपल्या खान्देशात नाही.’ याला उत्तर द्यायला धरणगावहून फार लांब जावं लागत नाही. जळगावजवळच्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला जागेवर अर्ज भरला. त्या ट्रान्सजेंडर आहेत म्हणून तो फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना महिला म्हणून निवडणूक लढवू दिली आणि गावाने त्यांना निवडून दिलं. शहाण्यांनी नाकारलेला अर्ज गावच्या मतदाराला चालला, हे मला त्या निकालाइतकंच मोलाचं वाटतं. फैजपूरच्या शमिभा पाटील याही ट्रान्सजेंडर; त्यांना वंचित बहुजन आघाडीने २०२४ च्या विधानसभेसाठी रावेरची उमेदवारी दिली. या दोघीही कधीतरी इथल्याच कुठल्या तरी वर्गात बसलेल्या असणार, एवढं तरी ध्यानात घ्यावं.

‘मोबाइलमुळे झालं’, ‘संगत वाईट’, ‘आईने लाडावलं’. यातलं काहीही खरं नाही. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे दुसऱ्या मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं नाटक १९८१ च्या सुमाराचं, तेव्हा घरात साधा फोन असला तरी मोठेपणा होता. जवळपास पाच लाख लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. समलिंगी ओढ ठरवणारं एकच एक जनुक त्यात सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि त्याबरोबर इतर गोष्टी, असं चित्र निघालं. संगोपनाने कोणी समलिंगी होतं याला आधार मिळालेला नाही. आईबापांनी स्वतःला किंवा एकमेकांना दोष देत बसायचं कारण नाही.

आणि समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असणं हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर आणलं. तरी भगत, बाबा, ‘पुरुषत्वाची’ पुडी देणारे वैद्य आणि कधी कधी पदवीधारक डॉक्टरही ‘बरं करून देतो’ म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये अशा ‘बदल उपचारांना’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. असा डॉक्टर भेटला तर त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. सर्वांत स्वस्त समजला जाणारा इलाज लग्न. तो खरं तर सर्वांत महाग पडतो, कारण त्याचं बिल दुसऱ्याच घरातल्या, काहीच न सांगितलेल्या मुलीच्या नावावर फाटतं.

‘पण कायद्याने गुन्हा आहे ना?’ नाही. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असे संबंध गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३७७ उरलेलंच नाही. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

‘शिक्षकाला कळलं की त्याने लगेच घरी सांगावं.’ हा गैरसमज चांगल्या माणसांचा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. मुलाने विश्वासाने काही सांगितलं आणि सरांनी संध्याकाळी वडिलांना फोन लावला, तर रात्री त्या घरात काय होईल हे सरांच्या हातात राहत नाही. मारहाण होते, शाळा सुटते, पोरगं घर सोडतं. वर्गात त्रास होतोय हे पालकांना जरूर सांगावं. मूल कोण आहे हे सांगणं त्या मुलाकडे ठेवावं. लैंगिक अत्याचार घडला असेल तर गोष्ट वेगळी. पोक्सो कायद्यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षांखालचं कोणीही, मुलगासुद्धा. तिथे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘मुलाचं काय बिघडतंय’ म्हणून मिटवता येत नाही.

शाळेत हा विषय काढला तर मुलं बिघडतील, या भीतीची पोच दिल्लीपर्यंत आहे. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून उतरवली. अशा वेळी गावागावातले शिक्षक आपापल्या बुद्धीने निभावतात. काही फार चांगलं निभावतात. लैंगिक अल्पसंख्याक मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत, ज्यांना समजून घेणारी एक तरी मोठी व्यक्ती आयुष्यात होती, अशा मुलांत आदल्या वर्षभरातल्या आत्महत्येच्या प्रयत्नांची शक्यता ४० टक्क्यांनी कमी दिसली. देश दुसरा आहे, पण एक मावशी, एक सर, एक मोठा भाऊ धरणगावातही असू शकतो.

राहिला प्रश्न तक्रारीचा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मनाने खचलेल्यांसाठी टेलिमानसचा १४४१६, त्यावर मराठीत बोलता येतं. कॉलेजात लैंगिक ओळखीवरून केलेला छळ २०१६ पासून यूजीसीच्या नियमांत रॅगिंग म्हणूनच मोजला जातो. राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि त्यातली ‘शैक्षणिक संस्था’ बरीच ऐसपैस आहे. वसतिगृह आणि शिकवणी वर्गही तिच्यात येतात. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोच रॅगिंगला मदत करणारा धरला जातो. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कोणीही ही तक्रार देऊ शकतं. तारीख, जागा, नेमके शब्द आणि कोणी पाहिलं एवढं लिहायचं. मुलाच्या लैंगिकतेबद्दल एक ओळही लागत नाही. दोन प्रती करायच्या आणि एकीवर शाळेचा शिक्का, सही व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही.