तुटलेला थर, अखंड थर

सकाळी ६. रामनगरहून कालाढुंगीकडे जाणाऱ्या पट्ट्यात जानेवारीचे धुके दाट असते. चहा, पराठे, जीप.

सव्वासात. आम्ही शेतावर पोचतो. गव्हाच्या शेतात मधेच जमीन एकदम उंच होते आणि तो चढ पूर्व-पश्चिम लांबवर जातो. नदीचा जुना काठ म्हणून सोडून द्यावा असाच तो दिसतो. पण नदी डोंगरातून उतरून दक्षिणेला वाहते, आणि हा चढ तिला आडवा आहे. नदीनेच पसरलेली सपाट जमीन चढाच्या वरही आहे आणि खालीही, म्हणजे हा काठ नदीने कोरलेला नाही. हिमालयाच्या पायथ्याचा मोठा भ्रंश, ज्याला भूशास्त्रात हिमालयन फ्रंटल थ्रस्ट म्हणतात, तो इथे पृष्ठभागाला येतो. जुन्या भूकंपांच्या खुणा शोधायला आमचा चर या चढाला काटकोनात खणलेला आहे. जेसीबीने खणताना वरची सुपीक माती वेगळ्या ढिगात ठेवली आहे. चर बुजवताना ती पुन्हा वरच पडली पाहिजे, कारण शेत शेतकऱ्याचे आहे.

साडेसात. आधी आधाराच्या बल्ल्या तपासतो. रात्रीच्या दवाने भिंत सैल झाली असेल तर आत कोणी उतरत नाही. नदीच्या गोट्यांची भिंत न सांगता कोसळते. मग ऊन चरात शिरण्याआधी फोटो काढतो. निम्मी भिंत उन्हात आणि निम्मी सावलीत आली की थरांचे रंग फसवतात.

साडेआठ. दिवसाचे खरे काम आता सुरू होते. खुरपे आणि गवंड्याची थापी घेऊन भिंत तासायची, ब्रशने झाडायची, पुन्हा तासायची. एक-एक मीटरच्या चौकोनांत सुतळी ताणलेली असते. दोघे जण एकाच भिंतीचे दोन वेगळे नकाशे ग्राफपेपरवर काढतात. संध्याकाळपर्यंत एकमेकांचा कागद बघायचा नाही.

भिंतीत खाली राखाडी वाळू, त्यावर गोट्यांचा थर, त्यावर पिवळसर गाळ. उत्तरेकडून शिवालिकचा जुना, भुसभुशीत वालुकाश्म या कोवळ्या थरांच्या डोक्यावर चढून बसला आहे. जुन्या आणि कोवळ्या थरांमधली रेषा, म्हणजेच भ्रंश, बोटभर जाडीची. तिच्याजवळ गेल्यावर गोटे बघावेत. इतरत्र ते नदीने लोळवून ठेवले तसे आडवे पडलेले, पण इथे त्यांच्या लांब बाजू रेषेला समांतर उभ्या झाल्या आहेत. जमीन सरकताना ते फिरले. मी त्या गोट्यांवरून बोट फिरवते तेव्हा भूकंप ही कल्पना राहत नाही.

११ वाजता सगळे एका जागेवर जमतो. रेषा वर चढत येते, राखाडी वाळू तोडते, गोटे तोडते, पिवळा गाळ तोडते आणि त्यावरच्या तपकिरी थराशी थांबते. तपकिरी थर अखंड आहे. म्हणजे भूकंप पिवळ्या गाळानंतर आणि तपकिरी थराआधी झाला. आमचे सारे शास्त्र या एका जागेवर उभे आहे. म्हणून तिथे घाई करायची नाही. रेषा खरोखर थांबली, की मुळांनी आणि बिळांनी तिची खूण पुसली? भिंत हातभर आत तासून पुन्हा बघायचे.

दुपारी १. पोळी-भाजी, बांधावर. मी मूळची लातूरची, त्यामुळे किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्या भागाला कोणी भूकंपाचा प्रदेश मानत नव्हते. इथली गोष्ट उलटी आहे. भारताचा भूखंड हिमालयाखाली वर्षाला साधारण १८ ते २० मिलिमीटर सरकतो आहे, हे उपग्रहांच्या मोजणीतून माहीत आहे. पाचशे वर्षांत नऊ-दहा मीटर. ते सरकणे भ्रंशावर अडकून राहते आणि मोठ्या भूकंपात एकदम सुटते.

जुने भूकंप शोधायला कागदपत्रे पुरत नाहीत. १५०५ च्या जूनमध्ये पश्चिम नेपाळ आणि तिबेटला मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी जुलैत काबूललाही झाला, बाबराने त्याचे वर्णन केले आहे, आणि नंतरच्या लेखनात दोन्हींची गल्लत झाली. १ सप्टेंबर १८०३ च्या गढवालच्या भूकंपात दिल्लीत कुतुबमिनारची वरची छत्री पडली. दहाच दिवसांनी शिंद्यांची फौज आणि इंग्रज दिल्लीजवळ लढले. युद्धाच्या धामधुमीत हादऱ्याची नीट नोंद कोण ठेवणार?

२ वाजता नमुने. पिवळ्या आणि तपकिरी थरांतून कोळशाचे कण चिमट्याने काढून फॉइलमध्ये. तांदळाएवढा कण पुरतो. पण कोळसा थराहून जुना असू शकतो. शे-दोनशे वर्षांच्या झाडाचे लाकूड जळते, मग पुरात वाहून येते. तो कण भूकंपाचे वय नव्हे, फक्त मर्यादा सांगतो. आणि गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत कार्बन १४ चे उत्तर इतके पसरते की १८०३ ची खात्री त्यावरून देता येत नाही. म्हणून वाळूचेही नमुने घेतो. पोलादी नळी भिंतीत ठोकायची, काळ्या कापडाखाली काढायची, दोन्ही टोके बंद. वाळूच्या कणांनी शेवटचे ऊन कधी पाहिले, ते प्रयोगशाळेत मोजतात. नळीत उजेड शिरला तर नमुना वाया.

साडेचार. गावातली शाळकरी मुले येतात. एकाने विचारले, पुढचा कधी? खरे उत्तर मी तसेच देते. तारीख सांगता येत नाही, पण इथे जमीन फुटली आहे आणि पुन्हा फुटेल, म्हणून घर बांधताना कोपरे, लोखंड आणि पाया यांवर पैसे वाचवू नका. मुले आपल्या घरांचे खांब मोजायला लागली.

६ वाजता दोन्ही नकाशे शेजारी ठेवतो. वाद होतो, व्हायलाच हवा. एकाच्या मते रेषेपुढची उतरती गोट्यांची रास भूकंपानंतर कड्यावरून ढासळलेला मलबा आहे. दुसरीच्या मते तो साधा पुराचा गाळ. मलबा असेल तर तो दुसऱ्या, आधीच्या भूकंपाचा असण्याची शक्यता उघडते. आधी खणले म्हणून काम संपत नाही. १९३४ च्या नेपाळ-बिहार भूकंपाने जमीन फाडलीच नाही असे अनेक वर्षे मानले जाई. २०१३ मध्ये नेपाळच्या सीर खोलाच्या काठावरून त्याचा पुरावा मांडला गेला. आणि २०१५ च्या गोरखा भूकंपाने पायथ्याशी जमीन फोडली नाही, म्हणजे असे धक्के चरात दिसणारच नाहीत.

आज दोघांपैकी कोणी मागे हटले नाही. दोन्ही मते नकाशावर पेन्सिलने लिहिली आहेत. उद्या सकाळी समोरची भिंत तासायची, राशीच्या तळाशी माती तयार झालेली आहे का ते बघायचे.