गिटारची डबी आणि सुट्या मालाची बाजारपेठ
ऑस्ट्रेलियातील घरगुती कारागीर खरेदी कोठे करतात?

विजेची गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी ॲल्युमिनियमच्या लहान लहान डब्या मांडलेल्या असतात. त्यांना इफेक्ट पेडल म्हणतात. पायाने खटका दाबला की गिटारचा आवाज फाटतो, घुमतो किंवा त्याचा पडसाद उठतो. मोठ्या कंपन्यांच्या तयार डब्या महाग पडतात. शिवाय आत काय आहे हे पाहण्याची हौस असतेच. त्यामुळे ऑस्ट्रेलियात घरच्या टेबलावर डाग देऊन अशा डब्या बनवणारे पुष्कळ आहेत. काहीजण हौसेपुरत्या बनवतात, काहीजण महिन्याला दहा-वीस विकतातही. आमचा एक भाचा सिडनीत नोकरीस असून त्यालाही हा नाद आहे. त्याच्यामुळे ह्या व्यापाराकडे आमचे लक्ष गेले. वाद्यसंगीताच्या बाबतीत उलमांमध्ये मतभेद आहेत, पण तो विषय ह्या पानाचा नव्हे. येथे आम्ही फक्त मालाचे बोलणार आहोत.

माल किती लागतो ते आधी पाहू. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या 'फझ फेस' ह्या प्रसिद्ध डबीत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि आवाज कमीजास्त करण्याची दोन बटणे, एवढाच ऐवज होता. अकरा नगांचा हिशेब! बाहेरून एक डबी, तारेचे दोन जॅक, पायाचा खटका आणि ९ व्होल्टची बॅटरी. गंमत अशी की आतल्या विजेच्या मालापेक्षा ही डबी, खटका आणि जॅक ह्यांनाच जास्त पैसे पडतात. कपड्यात जसे कधी कापडापेक्षा अस्तर, बटणे आणि शिलाई भारी पडते, तसाच हा प्रकार आहे.

आता प्रश्न असा की अकरा नग आणायचे कोठून? मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेले तर एका गल्लीत दहा दुकाने फिरून भाव करता येतो. ऑस्ट्रेलियात तशी गल्ली नाही. देश अफाट, वस्ती विरळ. सिडनीहून पर्थ विमानाच्या वाटेनेही सुमारे ३,३०० किलोमीटर. म्हणून तिकडे हा व्यापार सुरुवातीपासून साखळी दुकाने आणि टपालाने मागवायचा कॅटलॉग ह्या दोन पायांवर उभा राहिला.

ह्यातले सर्वांत मोठे नाव डिक स्मिथ. ह्या गृहस्थाने १९६८ साली सिडनीत अगदी थोड्या भांडवलावर मोटारीतील रेडिओ बसवण्याचे दुकान काढले. पुढे सुटे भाग विकू लागला, कॅटलॉग छापला, आणि एक पिढी त्या कॅटलॉगवर शिकली. १९८० साली वूलवर्थ्स ह्या बड्या किराणा कंपनीने ६० टक्के हिस्सा घेतला आणि १९८२ पर्यंत सगळा धंदा विकत घेतला. नंतर दुकानांतून ट्रान्झिस्टरचे खण हळूहळू गेले आणि त्यांच्या जागी टी.व्ही., संगणक, मोबाईल आले. २०१२ साली वूलवर्थ्सने ही साखळी एका गुंतवणूक कंपनीला विकली, २०१३ च्या अखेरीस तिचे शेअर बाजारात आले, आणि जानेवारी २०१६ मध्ये ती कर्जात बुडाली. त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत साडेतीनशेच्या वर दुकानांना कुलूप लागले. नाव तेवढे दुसऱ्या एका इंटरनेट विक्रेत्याने विकत घेतले.

कर्ज, साठा आणि हिशेब ह्यांवर तिकडे पुष्कळ चौकशी झाली. आम्हाला मात्र दुकानदार म्हणून त्यातली एक जुनी गोष्ट दिसते. टी.व्ही. सगळेच विकतात, तेथे भावाची मारामारी. रेझिस्टर कोणी विकत नाही, म्हणून तो घ्यायला गिऱ्हाईक लांबून येते आणि जाताना आणखी चार वस्तू घेऊन जाते. ते गिऱ्हाईक दुसऱ्याच्या उंबऱ्यावर गेले. पुष्कळसे गेले जेकारकडे. ही साखळी गॅरी जॉन्स्टन ह्यांनी १९८१ साली सिडनीत काढली. दुसरी ऑल्ट्रॉनिक्स, पर्थची, १९७६ पासूनची. दोन्ही आजही चालू आहेत. सौर तक्ते, मोटारीचे सामान, कॅम्पिंगचे दिवे ह्यांचे फडताळ ह्यांच्याकडेही वाढतच चालले आहे, परंतु सुट्या भागांचे खण त्यांनी मोडलेले नाहीत.

अशा दुकानात साधा माल लगेच मिळतो: पाव वॅटचे रेझिस्टर, टी.एल. ०७२ सारख्या चिप, बी.सी. ५४७ ट्रान्झिस्टर, १एन ४१४८ डायोड, ओतीव ॲल्युमिनियमची डबी. संध्याकाळी एक नग कमी पडला, सकाळी जाऊन आणला. नगामागे भाव जास्त पडतो, पण वाहतूक वाचते. अडते ते खास मालाशी. नऊ पायांचा खटका, ठराविक मापाची बटणे, जुनी आवाज लांबवणारी चिप, ह्यांसाठी बाहेर पाहावे लागते.

बाहेर म्हणजे दोन तऱ्हा. एक, कारखान्यांना माल पुरवणारे मोठे घाऊक पेढीवाले: एलिमेंट फोर्टीन, आर.एस., अमेरिकेचे माउझर आणि डिजी-की. ह्यांचा माल थेट उत्पादकाकडून येतो, त्यामुळे खात्री पक्की. शंभर नग घेतले की भाव झपाट्याने खाली येतो आणि ठराविक रकमेपुढे वाहतूकही माफ होते. म्हणून शहाणे कारागीर चार-पाचजण मिळून एकच मागणी नोंदवतात. आपल्याकडे लहान माग असलेले विणकर मिळून सुताचे गठ्ठे उचलतात तसेच हे. दुसरी तऱ्हा म्हणजे बँकॉकचे तायदा. हे दुकान जणू पेडलवाल्यांसाठीच उघडले आहे. डब्या, खटके, बटणे सगळे एका ठिकाणी आणि स्वस्त. सांगितलेल्या मापाची भोके पाडून, रंग देऊनसुद्धा डबी पाठवतात. घरी ड्रिल नसलेल्या माणसाला ही मोठीच सोय.

बटणे मागवताना एक खोड ध्यानात ठेवावी लागते. आजच्या आशियाई मालावर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे सरळ चढणारे. काही जुन्या युरोपीय मालावर हीच अक्षरे नेमकी उलट असतात. अक्षरावर भरवसा ठेवून जुना साठा उचलला तर आवाज एकदम उसळतो आणि कारागीर डाग देण्यातली चूक शोधत बसतो.

खरी परीक्षा दुर्मीळ मालाची. फझच्या डबीला जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लागतात, उदाहरणार्थ ए.सी. १२८. ते आता नवे बनत नाहीत असेच समजावे. फिरतो तो जुना साठा. त्यातही प्रत्येक नगाची ताकद वेगळी, गळती वेगळी आणि उन्हाळ्यात तापल्यावर आवाज वेगळा. म्हणून मोजून, जोड्या लावून देणाऱ्या विक्रेत्याला दुप्पट-तिप्पट भाव मिळतो, आणि आमच्या मते तो रास्त आहे, कारण तो माल नव्हे तर मोजणी विकतो. आवाज लांबवणाऱ्या एम.एन. ३००५ सारख्या जुन्या चिपची गोष्ट वाईट. मागणी मोठी, मूळ उत्पादन बंद, त्यामुळे स्वस्त चिपवरचा छाप घासून त्यावर महाग नंबर छापण्याचा धंदा जोरात चालतो. जाणते लोक ॲसिटोनचा बोळा फिरवून पाहतात. शाई सुटली, खाली घासल्याच्या रेषा दिसल्या की समजावे. पुष्कळ नवे कारागीर हा वादच टाळतात आणि पी.टी. २३९९ ही तैवानच्या कंपनीची स्वस्त, मुबलक चिप वापरून पडसादाची डबी करतात.

येथे आम्हाला आपल्या शरियतेतील खियार-ए-ऐब आठवतो. मालातला ऐब लपवून विकला असेल तर ते कळल्यावर सौदा मोडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. अनोळखी विक्रेत्याकडून समुद्रापारहून आलेल्या चार नगांसाठी हा हक्क बजावायला जावे तर टपालखर्च मालापेक्षा जास्त होतो. कागदावर हक्क आहे, हातात नाही. म्हणून तिकडचे अनुभवी लोक एक रीत पाळतात. रेझिस्टर-कपॅसिटर कोठूनही घ्यावे, दुर्मीळ चिप मात्र परत घेणाऱ्या, ओळखीच्या दुकानदाराकडूनच घ्यावी, मग भाव काही का असेना. लहान कारागिराची सगळी अब्रू त्या डबीवरच्या नावात असते. नकली चिप दुसऱ्याने विकली असली तरी गिऱ्हाईक त्यालाच विचारते.

आणखी एक अडचण वाढत चालली आहे. कारखाने आता तांदळाच्या कणीएवढे, यंत्राने चिकटवायचे भाग बनवतात आणि लांब पायांचे भाग बंद करतात. जे २०१ हा पेडलवाल्यांचा लाडका ट्रान्झिस्टर लांब पायांत मिळणे अवघड झाले. आता त्याची बारीक आवृत्ती छोट्या पट्टीवर डाग देऊन, पाय लावून विकतात. ज्याची नजर आणि हात चांगला त्याने हे काम स्वतःच सुरू केले आणि त्यातून त्याचे वेगळे दुकान उभे राहिले.

कराचे पाहू. तिकडे १ जुलै २००० पासून १० टक्के जी.एस.टी. आहे. परदेशातून येणारा १,००० डॉलरपर्यंतचा माल पूर्वी त्यातून सुटत असे. १ जुलै २०१८ पासून त्यावरही मोठे परदेशी विक्रेते कर लावूनच बिल करतात. जो कारागीर व्यापारी म्हणून जी.एस.टी.त नोंदलेला आहे त्याने आपला नोंदणी क्रमांक विक्रेत्यास दिला की हा कर बिलात लागत नाही. वर्षाची उलाढाल ७५,००० डॉलरच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. महिन्याला दहा डब्या विकणारा बहुधा ह्या आतच बसतो, मग तो कर किमतीत धरूनच भाव ठरवतो. आणि घरच्या विजेवर चालणारा अडॅप्टर मात्र कोणी स्वतः बनवत नाही. तेथील सुरक्षा नियम कडक आहेत, त्यामुळे मान्यताचिन्ह असलेला तयार अडॅप्टर घेण्याची गिऱ्हाइकाला सूचना देऊन डबीवर फक्त ९ व्होल्टचे भोक ठेवतात.