डॉलर वाढतच जातो, मग एक्स्पोर्टवाल्याचं नुकसान कसं होतं?



निर्यातीवरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न हमखास येतो. "सर, डॉलर तर कायम वाढतच असतो. मग एक्स्पोर्टमध्ये आपला फायदाच ना?" डॉलरचा अर्धा इतिहास वाचला की असंच वाटतं. आज उरलेला अर्धा बघू, कारण नवीन उद्योजकाचे पैसे तिथेच अडकतात.

आधी एक गैरसमज. "१९४७ साली एक डॉलर म्हणजे एक रुपया होता" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. ते खरं नाही. तेव्हा रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै, आणि त्याच पौंडाचे चारपेक्षा थोडे जास्त डॉलर यायचे. भागाकार करा : डॉलर सव्वातीन-साडेतीन रुपयांच्या मधे येतो.

मोठ्या पायऱ्या

१९४९ : सप्टेंबरमध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, भारतानेही रुपयाचं केलं. डॉलर ४.७६ रुपये झाला.

१९६६ : दोन युद्धं, दुष्काळ आणि परकीय चलनाची टंचाई. ६ जूनला सरकारने दर एकदम ७.५० केला.

१९९१ : परकीय गंगाजळी जवळपास संपली होती. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला.

१९९३ : मार्चपासून दर बाजारावर सोडला. डॉलर तेव्हा ३१ च्या आसपास होता. २०२४ संपताना तो ८५ च्या वर होता.

या यादीत तुमच्या कामाचं वर्ष १९९३ आहे. त्याआधी दर सरकार आणि रिझर्व्ह बँक ठरवायचे. ४.७६ हा दर तर जवळजवळ १७ वर्षं टिकला. आता दर रोज हलतो. म्हणजे दराची जोखीम सरकारच्या टेबलावरून उठून तुमच्या बिलात आली.

२००७ : एक्स्पोर्टवाल्याला फटका

मार्च २००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या आसपास होता. परदेशी पैसा भारतात जोरात येत होता, त्यामुळे रुपया मजबूत झाला. मे संपेपर्यंत डॉलर ४१ च्या खाली उतरला.

आता हिशोब करू. समजा तुम्ही मार्चमध्ये १०,००० डॉलरची ऑर्डर घेतली. ४४ ने ४,४०,००० रुपये येणार. खर्च ४,००,०००, नफा ४०,०००. पेमेंट तीन महिन्यांनी ४१ ने आलं : ४,१०,०००. नफा उरला १०,०००. माल तोच, ग्राहक तोच, पेमेंटही वेळेवर. दर फक्त ७ टक्के पडला आणि नफा ७५ टक्के गेला.

२०१३ : आयात करणाऱ्याला फटका

मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बाजारात ओतला जाणारा पैसा कमी करण्याचे संकेत दिले. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पुढे गेला. मे महिन्यात १०,००० डॉलरचं मशीन उधारीवर बुक केलं असेल, तर ५,४०,००० चं मशीन ६,८०,००० ला पडलं. ऑक्टोबरमध्ये दर पुन्हा ६१-६२ पर्यंत खाली आला, पण ज्याने ऑगस्टच्या शेवटी पैसे भरले त्याला त्याचा काय उपयोग?

गोष्ट साधी आहे. लांबून बघितलं तर डॉलर चढताना दिसतो. तुमचा धंदा मात्र ६०-९० दिवसांच्या पेमेंटवर चालतो, आणि तेवढ्या काळात दर कुठेही जाऊ शकतो.

मग करायचं काय?

१. कोटेशन देताना आजच्या दराने हिशोब करू नका. एक्स्पोर्टला दोन-तीन रुपये कमी धरा, इम्पोर्टला जास्त धरा. तरीही नफा उरतो का ते बघा. कोटेशनवर मुदत लिहा.

२. गूगलवर दिसणारा दर तुम्हाला मिळत नाही. बँकेचा डॉलर घेण्याचा दर वेगळा, विकण्याचा वेगळा. कस्टम ड्युटीला तर सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला दर लागतो. ऑर्डर घेण्याआधी बँकेला फोन करून विचारा.

३. शक्य तितका ॲडव्हान्स घ्या. जेवढे पैसे आधी आले, तेवढ्यावरची दराची जोखीम संपली.

४. रक्कम मोठी असेल तर बँकेत फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्टची चौकशी करा. तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा दर आजच पक्का होतो. नंतर डॉलर वाढला तर जादा फायदा मिळत नाही, आणि पेमेंट आलंच नाही तर करार रद्द करताना भुर्दंड बसू शकतो. म्हणून ग्राहक खात्रीचा असेल तेवढ्याच रकमेचा करार करा.

आजचा होमवर्क

रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर डॉलरचे जुने दर मिळतात. गेल्या पाच वर्षांचे महिनाअखेरचे दर वहीत उतरवा. कोणत्याही तीन महिन्यांत दर जास्तीत जास्त किती वाढला आणि किती पडला, हे दोन आकडे शोधा. मग तुमचं शेवटचं कोटेशन समोर घ्या आणि त्या दोन्ही आकड्यांनी पुन्हा मांडा. एकीकडे जरी तोटा दिसला, तरी भाव आज बदला. ऑर्डर हातात आल्यावर तो बदलता येत नाही.