गोणी, बाटली आणि नत्राचा हिशेब

कपाशीला खताचा दुसरा डोस द्यायची वेळ आली, की हिमायतनगर, हदगाव, किनवट पट्ट्यात युरियाची शोधाशोध सुरू होते. गोणी मिळाली तरी तिच्यासोबत नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली घ्यावीच लागते, अशी तक्रार राज्यात अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांनी केली आहे. या ‘लिंकिंग’ला सरकारची मनाई आहे. ते असो. बाटलीत आहे काय, ते पाहू.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पदार्थ इतका बारीक केला, की त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो. एक सेंटिमीटरच्या घनाचे दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे 600 चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे भरतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच होत असल्याने चिमूटभर पदार्थ भरपूर काम करतो. पाणी शुद्ध करणारे चांदीचे कण, जखमेवरची चांदीयुक्त मलमे, मोटारींच्या धुराड्यातले उत्प्रेरक यांची करामत हीच.

हेच तत्त्व खताला लावून इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने 2021 मध्ये नॅनो युरिया बाजारात आणला. गुजरातेत कलोलच्या कारखान्याचे उद्‌घाटन मे 2022 मध्ये झाले. कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, ते पानातून थेट आत शिरतात आणि एक बाटली एका गोणीचे काम करते, असा दावा. 94 पिकांवर, सुमारे 11 हजार शेतांत चाचण्या घेतल्या आणि उत्पादन सरासरी 8 टक्के वाढले, असे इफको सांगते.

आता कागद-पेन्सिल घ्या. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. पहिल्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. जमिनीत टाकलेला निम्मा युरिया हवेत उडाला, पाण्यासोबत वाहून गेला असे धरले, तरी पिकाला दहा किलो उरतात. बाटलीतला थेंब न् थेंब पानाने शोषला तरी वीसच ग्रॅम. कपाशीला एकरी 40 किलोच्या आसपास नत्र लागते. कण कितीही बारीक करा, त्यातून नवे नत्र जन्माला येत नाही. 2024 मध्ये आलेल्या ‘प्लस’ प्रकारात नत्राचे प्रमाण 20 टक्के केले आहे, तरी बाटलीत 100 ग्रॅमच भरते.

दुसरा आक्षेप कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये घेतला: या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. साधा युरियाही पाण्यात पूर्ण विरघळतो आणि त्याचा रेणू नॅनोकणाहून लहानच असतो. मग फवारणीत वेगळे ते काय? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने तर दोन वर्षे शेतावर तपासले. जमिनीतले नत्र कमी करून नॅनो युरियाची फवारणी केली, तेव्हा शिफारशीइतके नत्र दिलेल्या पिकाच्या तुलनेत गहू 21.6 टक्के आणि भात 13 टक्के घटला. धान्यातली प्रथिनेही उतरली.

म्हणून नॅनो तंत्रज्ञानच थोतांड, असे मात्र नव्हे. जस्त, लोह पिकाला मुळातच ग्रॅमच्या मापात लागतात, तिथे बारीक कणांना वाव आहे. आणि कापसाच्या पट्ट्यासाठी मला खरी मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत 2015 मध्ये नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून तिथे नॅनोसेल्युलोज तयार होते. कागद, प्लॅस्टिक, रंग यांना ते बळकटी देते. असे उद्योग जिनिंगच्या गावांपर्यंत यायला हवेत. त्यांचा गाजावाजा मात्र बाटलीच्या शतांशानेही नाही.

बाटली गळ्यात पडलीच असेल, तर तिच्या भरवशावर जमिनीतला डोस तोडू नका. शेताच्या एका पट्ट्यात नेहमीच्या डोसावर तिची फवारणी करा, शेजारचा तेवढाच पट्टा साध्या पाण्याने फवारा आणि वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला.