भार आणि उतार : धंदेवाईक फुटबॉलपटूच्या श्रमाचा हिशेब

फुटबॉल हा ज्याचा पोटाचा धंदा आहे, त्याचे काम नव्वद मिनिटांत आटोपते अशी पुष्कळांची समजूत असते. पण सामन्याआधीचे श्रम आठवडाभर चाललेले असतात. ते मोजावयाचे कसे?

अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली रीत फार साधी आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूलाच विचारावयाचे, की शून्य ते दहा या मापात मेहनत किती वाटली? त्या आकड्याला मिनिटांनी गुणावयाचे. साठ मिनिटांचा सराव आणि उत्तर सात, तर भार ४२०. अंगावरचे यंत्र धावेचे अंतर सांगते, वेग सांगते. रात्री झोप लागली नाही, हे मात्र राबणाऱ्यालाच ठाऊक असते.

श्रमातून दोन गोष्टी निपजतात : थकवा आणि कस. १९७५ साली कॅनडातील एरिक बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणितात मांडले. थकवा झटकन चढतो व झटकन उतरतो; कस सावकाश चढतो व सावकाश उतरतो. म्हणून सामन्याच्या तोंडावर भार कमी केला, की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा तसा थकवा बसतो आणि कस वर दिसू लागतो. यालाच टेपरिंग म्हणतात. आपण उतार म्हणू.

उतार म्हणजे आळस नव्हे. पोहणे, धावणे व सायकल या खेळांतील प्रयोगांचा २००७ साली एकत्र आढावा घेतला गेला. दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे, पण जोर व दिवस कायम ठेवावेत, यात सर्वाधिक लाभ दिसला.

फुटबॉलवाल्याला असे दोन आठवडे मिळणार कोठून? त्याचा उतार दोन दिवसांचा. शनिवारी सामना असेल तर मंगळवार-बुधवार जड, गुरुवार हलका, शुक्रवारी थोडाच वेळ पण चपळ सराव. जो बाकावरच बसून राहिला, त्याला मात्र सामन्यानंतर जादा सराव हवा. नाहीतर अचानक मैदानात उतरल्यावर त्याचेच स्नायू दगा देतात.

आता बुधवारीही सामना ठेवला तर? स्नायू पूर्ववत् होण्यास बहात्तर तासही लागतात. मग ना भार चढविता येतो, ना उतरविता. नुसती मलमपट्टी चालते. तेथे प्रशिक्षकाची विद्या थांबते व वेळापत्रकाचा प्रश्न सुरू होतो. म्हणूनच जून २०२४ मध्ये इंग्लंड व फ्रान्समधील खेळाडूंच्या संघटनांनी वेळापत्रक एकतर्फी लादल्याबद्दल फिफाविरुद्ध ब्रुसेल्सच्या न्यायालयात दावा लावला. यांतील इंग्लंडची संघटना १९०७ सालची आहे.

या खेळाडूंना पगार भरपूर मिळतो, हे खरे. पण गुडघ्याच्या शिरेला पगार कळत नाही. भाराचा हिशेब शास्त्राने करून दिला आहे. विसाव्याचे दिवस मात्र वाटाघाटीच्या मेजावरच मिळवावे लागतात.